फ्रिज गोठवू लागला, की संशय कोणावर घ्यावा?

मधल्या कप्प्यातले दही सकाळी बर्फाच्या खड्यांसह हाती यावे, कोथिंबिरीची जुडी काचेसारखी मोडावी, किंवा नेमके याच्या उलट, रात्री ठेवलेले दूध सकाळी तापवताना नासावे, असे घडू लागले की बहुतेक घरांत पहिला निष्कर्ष ठरलेला असतो: 'गॅस गेला'. गॅस कमी झाला की थंडावा घटतो, हे खरे. परंतु अन्न गोठू लागले असेल, तर थंडी निर्माण करण्याची यंत्रणेची ताकद शाबूत आहे. थांबायचे केव्हा, एवढेच तिला कळेनासे झाले आहे. हा दोष सहसा तापमान नियंत्रकाचा, म्हणजे बोलीभाषेतल्या थर्मोस्टॅटचा असतो. त्यातही पुष्कळदा महागडा सर्किट बोर्ड निर्दोष असून त्याला तारेने जोडलेला हरभऱ्याएवढा संवेदक बिघडलेला असतो.

दुधाचे नुकसान सोसण्याजोगे असते. ज्या घरात इन्सुलिन वापरले जाते, तिथे मात्र या बिघाडाचे गांभीर्य वेगळे. न उघडलेल्या इन्सुलिनच्या कुप्या २ ते ८ अंश सेल्सियस तापमानात ठेवायच्या असतात आणि एकदा गोठलेले इन्सुलिन, पुन्हा वितळले तरी, वापरायचे नसते. ते निकामी झाले आहे हे नुसत्या नजरेला कळेलच असे नाही. रात्री दोन-तीन तास शून्याखाली गेलेला आणि सकाळी साळसूदपणे ४ अंश दाखवणारा फ्रिज म्हणूनच पूर्ण बंद पडलेल्या फ्रिजपेक्षा अधिक घातक. बंद पडलेला निदान लक्षात तरी येतो.

जुन्या एकदारी फ्रिजमधला थर्मोस्टॅट यांत्रिक असतो. बारीक नळीत भरलेला वायू थंडीने आकसतो, उष्णतेने प्रसरण पावतो आणि त्या दाबाने एक खटका चालू-बंद होतो. 'फ्रॉस्ट फ्री' फ्रिजमध्ये त्याची जागा बहुतांशी इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाने घेतली आहे. तापमान ओळखणारा थर्मिस्टर, निर्णय घेणारी चिप आणि कॉम्प्रेसरची वीज जोडणारा-तोडणारा रिले ही त्याची मुख्य अंगे. थर्मिस्टर म्हणजे धातूंच्या ऑक्साइडांपासून बनवलेला छोटा मणी. तांब्याची तार तापली की तिचा विद्युतरोध वाढतो. या मण्याचा घटतो. हा उलटा स्वभाव मायकेल फॅरडे यांनी १८३३ मध्ये सिल्व्हर सल्फाइडमध्ये नोंदवला होता. बाजारात सर्रास मिळणाऱ्या 'दहा के' थर्मिस्टरचा रोध २५ अंशांना १० किलोओहम असतो आणि ० अंशांना, प्रकारानुसार, २७ ते ३३ किलोओहमपर्यंत चढतो.

रोध वाढला म्हणजे थंडी वाढली, असे चिप मानते. एवढे ध्यानात ठेवले तर निम्मे निदान बसल्या जागी करता येते. समजा, संवेदकाच्या आवरणाला चीर पडून आत दमटपणा शिरला. पाण्यातून थोडी वीज आडवाटेने वाहू लागते आणि मोजला जाणारा रोध खऱ्यापेक्षा कमी भरतो. चिपला वाटते, आत अजून गरम आहे. ती कॉम्प्रेसर चालूच ठेवते आणि भाजी गोठते. आता दुसरी शक्यता घ्या. जोडाच्या पिनांवर गंज चढला, तर त्या गंजाचा रोध संवेदकाच्या रोधात मिळवला जातो. चिपला वाटते, पुरेसे थंड झाले. ती कॉम्प्रेसर लवकर थांबवते आणि दूध नासते. तार पूर्ण तुटली तर रोध अनंत होतो, म्हणजे जणू आत ध्रुवप्रदेशाची थंडी आहे. बरेच बोर्ड अशी अशक्य नोंद ओळखतात, पटलावर चूक दर्शवणारा संकेत झळकवतात आणि ठरावीक वेळाने कॉम्प्रेसर चालू-बंद करत कसाबसा संसार रेटतात. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यातली दमट हवा या दोन्ही दोषांना हातभार लावते. पाली, झुरळे आणि मुंग्याही बोर्डाच्या उबेला येतात, हे कोणताही जुना मेकॅनिक सांगेल.

मात्र पेचकस हाती घेण्यापूर्वी फ्रिज खरोखर चुकतो आहे का, हे पाहावे. मधल्या फळीवर पाण्याचा पेला ठेवून त्यात साधा तापमापक बुडवावा आणि रात्रभर राहू द्यावा. हवेचे तापमान दार उघडताच बदलते. पाण्याचे चटकन बदलत नाही, म्हणून हा आकडा विश्वासाचा. तो २ ते ५ अंशांच्या दरम्यान असेल तर नियंत्रक ठीक आहे आणि गोठणारी भाजी केवळ थंड हवेच्या झरोक्यासमोर ठेवली जाते आहे, एवढाच अर्थ. इन्सुलिनही त्या झरोक्यापासून आणि मागच्या भिंतीपासून दूरच असावे. दाराचे रबर पाहण्यासाठी कागदाची पट्टी दारात अडकवून ओढावी. ती सहज निसटली तर तिथून थंडावा बाहेर जातो आहे.

आणखी एक फसवे लक्षण आहे. वरचा फ्रीझर उत्तम गोठवतो, पण खालचा कप्पा कोमट राहतो. यात तापमान नियंत्रकाचा दोष बहुधा नसतो. बर्फ वितळवणारी यंत्रणा थकलेली असते. फ्रॉस्ट फ्री फ्रिजमध्ये शीतक नळ्यांवर साचणारा बर्फ एक हीटर अधूनमधून वितळवतो. तो हीटर, त्याचा फ्यूज किंवा त्याचा स्वतंत्र संवेदक बिघडला की नळ्यांवर बर्फाची भिंत उभी राहते आणि थंड हवा खाली उतरतच नाही. फ्रिज पूर्ण रिकामा करून, बंद ठेवून, दार उघडे टाकून चोवीस तास राहू द्यावा. त्यानंतर तो काही दिवस झकास चालला आणि पुन्हा तीच रड सुरू झाली, तर निदान पक्के.

संवेदकाची परीक्षा घरी करता येते आणि तिला लागणारा मल्टिमीटर फार महाग नसतो. प्रथम प्लग भिंतीतून काढावा. केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही. संवेदकाचा जोड बोर्डापासून सोडवावा, कारण जोडलेल्या स्थितीत बोर्डावरचे इतर घटकही मोजले जातात. थर्मासमध्ये बर्फाचा बारीक चुरा आणि चुरा भिजेल एवढेच पाणी घेऊन ढवळावे. हे मिश्रण ० अंशांवर स्थिरावते, अगदी प्रयोगशाळेच्या तोडीने. त्यात संवेदकाचे टोक बुडवून, जोड कोरडा ठेवून, पाच-सात मिनिटांनी रोध मोजावा. मग खोलीच्या तापमानाला मोजावा. निरनिराळ्या कंपन्या निरनिराळ्या मापांचे थर्मिस्टर वापरतात. त्यामुळे दोन्ही आकडे त्या मॉडेलच्या सेवापुस्तिकेतल्या तक्त्याशी ताडावे लागतात. तक्ता मिळाला नाही तरी स्वभाव तपासता येतो. खोलीतून बर्फात जाताना रोध तिपटीच्या आसपास वाढायला हवा आणि आकडा स्थिर राहायला हवा. तो आपोआप सरकत राहिला, किंवा मोजताना तार हलवल्यावर उड्या मारू लागला, तर दोषी सापडला.

संवेदक निर्दोष निघाला तर संशय रिलेकडे वळतो. कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट प्रवाह खेचतो. त्या ठिणग्यांनी रिलेचे संपर्कबिंदू कधी खवले पडून वीज पुढे नेत नाहीत, तर कधी एकमेकांना चक्क वितळून चिकटतात. पहिल्या प्रकारात 'टक्' आवाज येतो पण कॉम्प्रेसर हलत नाही. दुसऱ्यात तो थांबतच नाही. टक्-टक्-टक् अशी थरथर ऐकू आली तर बोर्डाला वीज पुरवणारा भाग अशक्त झाला आहे, असे समजावे. तिथले कपॅसिटर फुगलेले दिसतात का, रिलेच्या पायांभोवती सोल्डरला बारीक गोल भेग गेली आहे का, हे प्रकाशात भिंगाखाली पाहता येते. दर वेळी संपूर्ण बोर्ड बदलण्याचा सल्ला देणाऱ्यांनी हे भिंग उचललेलेच असते असे नाही.

परंतु पाहणे वेगळे आणि हात घालणे वेगळे. २३० व्होल्टचा पुरवठा बोर्डावर एकदिश झाला की सुमारे ३२५ व्होल्ट होतो आणि प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये काही काळ टिकून राहतो. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरच्या फ्रिजमध्ये हा धोका विशेष. तो बोर्ड जाणकाराकडेच द्यावा. मत्स्यटाकी किंवा अंडी उबवण्याच्या पेटीसाठी मिळणाऱ्या स्वस्त नियंत्रकांत तर ट्रान्सफॉर्मरच नसतो. त्यांपैकी काहींत संवेदकाच्या तारेलाही मुख्य वीजवाहिनीचा थेट स्पर्श असतो, त्यामुळे प्लग लावलेला असताना ती तार पाण्यात बोट घालून तपासणे जिवावर बेतू शकते. शिवाय अलीकडच्या बऱ्याच फ्रिजमधला आर-६००ए हा वायू ज्वालाग्राही आहे. बर्फ खरवडण्यासाठी सुरी, किंवा आतल्या बाजूस सोल्डरिंगची तापलेली कावी, दोन्ही वर्ज्य.

नवा संवेदक घेताना जुना सोबत न्यावा. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली येथे सुटे भाग मिळतात. मात्र आकार सारखा असून माप वेगळे असू शकते, तेव्हा दुकानातच मीटर लावून घेणे इष्ट. वॉरंटी शिल्लक असेल तर आधी तिच्या अटी वाचाव्यात. तारा जोडताना नुसती चिकटपट्टी गुंडाळली तर दमटपणा पुन्हा शिरतो. सोल्डर करून, आत गोंद असलेली आकुंचन पावणारी नळी जोडावर चढवावी आणि संवेदक मूळ खाचेतच बसवावा. तो बोटभर जरी सरकला, तरी झरोक्याची हवा थेट अंगावर आल्याने नवा संवेदकही खोटे बोलू लागतो.

त्यानंतर पेल्यातला तापमापक पुन्हा मधल्या फळीवर जातो. दोन रात्री आकडा २ ते ५ अंशांत राहिला, की दूध-दही परत आणावे. इन्सुलिनच्या बाबतीत बिघाडाच्या दिवसांत फ्रिजमध्ये असलेल्या कुप्यांविषयी शंका असेल तर त्या वापरू नयेत आणि नव्या कुप्या या दोन रात्री उलटल्यावरच आत ठेवाव्यात.