तळ्याकाठची दिवड : मारू नका, नोंद करा

बंगळूर मोठ्या नदीकाठी वसलेले शहर नाही. १५३७ मध्ये केंपेगौडाने ते वसवले, पुढे ती शहाजीराजांची जहागीर झाली. शहराची तहान भागवली ती बांध घालून केलेल्या तळ्यांनी. त्यांतील धर्मांबुधी तळ्याच्या जागी आज मॅजेस्टिकचे बसस्थानक आहे, तर संपंगी तळ्याच्या जागी कंठीरवा स्टेडियम. उरलेल्या तळ्यांकाठी मात्र एक जुनी रहिवासी अजून भेटते. कानडीत तिला 'नीरु हावु', म्हणजे पाण्याचा साप म्हणतात. आपल्याकडे ती दिवड.

नाग समजून बळी

दिवड बिनविषारी आहे. मासे आणि बेडूक हे तिचे अन्न. १७९९ मध्ये श्नायडर या जर्मन शास्त्रज्ञाने तिला दिलेल्या नावातील 'पिस्केटर' या शब्दाचा अर्थच मुळी कोळी! पण डिवचली की ती मान चपटी करून डोके उचलते आणि कडकडून चावते. मग 'नाग, नाग' म्हणत काठ्या निघतात आणि तिचा हकनाक बळी जातो. पिवळसर अंगावरील बुद्धिबळाच्या पटासारखे काळे ठिपके आणि डोळ्यापासून निघणाऱ्या दोन तिरप्या काळ्या रेघा ही तिची खूण. तरीही ओळखण्याच्या भरात जवळ जाऊ नये. साप चावला आणि तो कोणता याची खात्री नसेल, तर थेट रुग्णालय गाठावे.

नोंद कशासाठी?

बेल्लंदूर तळ्यावर सांडपाण्याचा फेस आला, २०१८ च्या जानेवारीत तिथे मोठी आग लागली. अशा बातम्या सर्वांपर्यंत पोचतात. काठावरचे जीव नाहीसे होतात, ते मात्र गुपचूप. कालपर्यंत कोण होते हे लिहिलेलेच नसेल, तर आज कोण गेले हे कळणार कसे?

नोंद करणे अवघड नाही. दूरूनच छायाचित्र घ्यावे. तारीख, वेळ, जागा, साप पाण्यात होता की काठावर, जिवंत की मेलेला, एवढे लिहावे. रस्त्यावर चिरडलेली दिवडही नोंदीत यावी. तिच्यामुळे सापांची वाट कुठून जाते ते समजते. एखाद्या फेरीत काहीच दिसले नाही, तर तेही लिहावे. मात्र एकदा दिसली नाही म्हणजे ती संपली, असे नव्हे. त्यासाठी त्याच तळ्यावर वर्षानुवर्षे फेऱ्या हव्यात.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने दिवडीला संरक्षण दिले आहे. पण कायदा प्रत्येक तळ्याकाठी उभा राहू शकत नाही. संध्याकाळी मुलांना घेऊन तिथे फिरणारी माणसे उभी राहू शकतात. मुलांच्या हाती काठीऐवजी वही-पेन्सिल दिली, तर दिवडही वाचेल आणि मुलांच्या मनातली भीतीही जाईल.