एका श्वासातले आकडे

बालरोगतज्ज्ञाच्या हाती रबरी हातोडी सहज येते. मूल लुळ्या पायांनी आणले गेले, की आमच्या पिढीचा हात पोलिओच्या धास्तीने आधी त्याच्या गुडघ्याकडे जातो. पंधरा वर्षांखालील मुलाला अचानक लुळेपणा आला तर लगेच कळवायचे, चोवीस तासांच्या अंतराने शौचाचे दोन नमुने पाठवायचे, हा शिरस्ता अंगवळणी पडलेला आहे. भारतातला वन्य पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावडा जिल्ह्यात आढळला. तेव्हापासून अशा मुलांत गिया-बारे सिंड्रोमचेच निदान अधिक दिसते.

आणि २०२२ च्या श्रावणात सौभाग्यवती ‘‘अहो, पायांना मुंग्या येताहेत’’ म्हणाली, तेव्हा मात्र माझा हात हातोडीकडे गेला नाही. आदल्या पंधरवड्यात तिला जुलाब झाले होते, हे मला ठाऊक होते. सणावाराची दगदग झाली असेल, बी-बारा घे, एवढे सांगून मी दवाखान्यात निघून गेलो. दोन दिवसांनी घराच्या तीन पायऱ्या तिला चढवेनात. त्या रात्री हातोडी काढली. दोन्ही गुडघे गप्प होते.

आतड्यातल्या जंतूविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे साम्यामुळे फसतात आणि स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटतात, असे मी विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे सांगत आलो. गिया, बारे आणि स्ट्रोल या तीन फ्रेंच वैद्यांनी १९१६ मध्ये दोन सैनिकांवरून या विकाराचे वर्णन केले, हेही सांगतो. (बिचाऱ्या स्ट्रोलचे नाव पुढे बहुतेकांनी गाळले.) चारपाच रुग्णांमागे एकाला व्हेंटिलेटर लागतो, हे वाक्य वर्गात किती सहज म्हटले जाते! अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर ते मला पुरे म्हणवेना.

तिथे श्वास मोजण्याची जुनी, बिनखर्चाची रीत होती. रुग्णाने खोल श्वास घ्यायचा आणि त्या एकाच श्वासात जमतील तितके आकडे म्हणायचे. पहिल्या दिवशी ती बत्तीसपर्यंत पोहोचली, दुसऱ्या दिवशी पंचविसापर्यंत, तिसऱ्या रात्री एकोणिसावर अडखळली. रात्रपाळीची परिचारिका केरळची होती. इंदूरला येऊन तिला वर्षही झाले नव्हते. ‘‘मॅडम मराठीत मोजतात, मला नीट कळायला हवे,’’ असे म्हणून तिने माझ्याकडून एक ते चाळीस लिहून घेतले आणि कागद खाटेच्या उशाला चिकटवला. दर दोन तासांनी ती शेजारी उभी राहून त्या कागदावर बोट फिरवी. मी मात्र पहाटे दोनला निवासी डॉक्टरांना गाठून ‘आता कसे आहे?’ विचारीत असे. माझ्या रुग्णांच्या आयांना याच प्रश्नासाठी मी किती वेळा तोडून उत्तर दिले असेल!

उपचार इम्युनोग्लोब्युलिनचा. किलोमागे दोन ग्रॅम, पाच दिवसांत विभागून. साठ किलोच्या देहाला एकशे वीस ग्रॅम. लहान मुलांसाठी मी हे औषध अनेकदा लिहून दिले आहे. तेव्हा मनात येई ती त्याची किंमत. त्या बाकावर बसल्यावर प्रथमच लक्षात आले, की हे कारखान्यात रसायनांपासून बनत नाही. हजारो दात्यांच्या रक्तद्रवातून ते वेगळे काढावे लागते. बाटलीवर घाऊक क्रमांक असतो, माणसांची नावे नसतात. आभार मानायला कुणाच्या दारी जावे?

सहाव्या दिवशी ती पुन्हा बावीस म्हणाली. व्हेंटिलेटर टळला. पुढचे तीन आठवडे मात्र काहीच घडले नाही. आजार वाढत नव्हता आणि ओसरतही नव्हता. डॉक्टरला हा काळ सोसत नाही. फिजिओथेरपिस्ट मुलगी रोज येऊन तिचे घोटे सांभाळीत राहिली, वॉर्डातल्या मावशी दर दोन तासांनी कूस बदलीत राहिल्या. औषधाचे श्रेय माझ्या व्यवसायबंधूंना सारेच देतात. तिच्या पाठीवर एकही जखम झाली नाही याचे श्रेय त्या मावशींचे.

पायऱ्या ती पाचव्या महिन्यात चढली. मुंग्यांच्या पहिल्या दिवसाबद्दल मी क्षमा मागितली, तेव्हा ‘‘माझी फी दिली नव्हती ना तुम्हाला,’’ एवढेच म्हणाली.

हल्ली दवाखान्यात कुणी आई ‘याला काहीतरी होतेय’ म्हणाली, की मी खुर्ची तिच्याकडे वळवतो. वेळापत्रक कोलमडते, स्वागतकक्षातली मुलगी कुरकुरते. सौभाग्यवतीच्या घोट्यांतले प्रतिक्षेप अद्याप पुरते परतलेले नाहीत. ते तपासावे म्हणून हातोडी आता घरीही असते; पण तीन महिन्यांतून एकदाच, अशी तिने ताकीद दिली आहे.