पिसांचा हिशेब

संस्कृतात ‘पत्री’ म्हणजे पक्षी, आणि ‘पत्री’ म्हणजे बाणसुद्धा. दोघांनाही पिसं असतात म्हणून. पण पक्ष्याला पिसं उडवतात, बाणाला मात्र ती मागं खेचतात! बँकेत उमेद गेल्यामुळे मला हा व्यवहार चटकन पटला. थोडा वेग द्यायचा आणि सरळ जाण्याची हमी घ्यायची.

किती द्यायचा, हीच खरी मेख. लाकडी धनुष्यातून सुटलेला बाण आधी लचकतो; शेपटाकडची पिसं वारा धरून त्याला ताळ्यावर आणतात. बाण जड, पातं रुंद, तर पाच इंची पिसं. हलक्याला चार इंची पुरतात. ढालीच्या आकाराचं पीस देखणं, पण आवाज अधिक. गोलसर कडेचं त्या मानानं मुकाट जातं. तिन्ही पिसं मात्र एकाच बाजूच्या पंखातली हवीत, कारण डाव्या-उजव्यांचा बाक उलट असतो. उडत्या पाखरावर सोडायच्या बाणाला तर मुद्दाम भरघोस पिसारा लावतात, म्हणजे नेम हुकला तरी तो फार दूर जात नाही.

इंग्लंडच्या रॉजर ॲस्कमनं १५४५ साली ‘टॉक्सोफिलस’ या ग्रंथात कलहंसाच्या पिसाला पहिला मान दिला. त्याच वर्षी ‘मेरी रोझ’ ही युद्धनौका बुडाली. १९८२ साली सांगाडा वर काढला. हजारो बाण मिळाले. पिसं कुजून गेलेली, पण ती बांधलेल्या दोऱ्याच्या खुणा लेपावर अजून दिसतात.