इतिहासाचे मास्तर पुन्हा शाळेत

उन्हाळ्याची सुटी लागली की मुले दप्तर कोपऱ्यात भिरकावतात आणि शिक्षकही हुश्श करतात. अमेरिकेत मात्र इतिहास शिकवणारे कितीतरी शिक्षक याच दिवसांत वहीपेन घेऊन स्वतः विद्यार्थी होऊन बसतात. कुणी विद्यापीठात, कुणी वस्तुसंग्रहालयात, तर कुणी एखाद्या जुन्या रणांगणावर. आपल्या देशाचा इतिहास मुलांना नेमका कसा शिकवायचा, हे त्यांना नव्याने शिकायचे असते.

वरवर पाहता यात विशेष ते काय, असे वाटेल. सनावळ्या पुस्तकात असतातच. त्या फळ्यावर लिहायच्या, मुलांनी उतरवून घ्यायच्या आणि परीक्षेत लिहायच्या. पण एकच जुना कागद हातात घेतला की हे काम किती अवघड आहे ते कळते.

एका जाहिरातीची गोष्ट

मे १७९६. त्या वेळी अमेरिकेची राजधानी फिलाडेल्फिया होती. तिथल्या वृत्तपत्रात एक जाहिरात छापून आली. राष्ट्राध्यक्षांच्या घरातून ओनी जज नावाची तरुण दासी पळून गेली आहे, तिला पकडून आणणाऱ्यास दहा डॉलर इनाम मिळेल. जाहिरातीत तिच्या चेहऱ्यावरचे डाग, केस, कपडे यांचे वर्णन होते आणि शेवटी तिने पळून जावे असे काहीच कारण घडले नव्हते, असेही म्हटले होते. हे राष्ट्राध्यक्ष म्हणजे जॉर्ज वॉशिंग्टन, अमेरिकेचे राष्ट्रपिता!

दुसरा कागद जवळजवळ पन्नास वर्षांनंतरचा. १८४५ मध्ये न्यू हॅम्पशायरमध्ये राहणाऱ्या वृद्ध ओनीची मुलाखत तिथल्या गुलामगिरीविरोधी वृत्तपत्राने छापली. मालक मंडळी जेवायला बसली असताना आपण घराबाहेर पडलो, असे तिने सांगितले. मालकिणीच्या पश्चात आपल्याला तिच्या नातीच्या हवाली केले जाणार, हे तिला कळले होते. पुढे वाट्याला कष्ट आले, गरिबी आली, तरी पळून आल्याचा पश्चात्ताप तिला झाला नव्हता.

हे दोन्ही कागद शिक्षकांपुढे ठेवले की प्रश्न सुरू होतात. जाहिरात कुणी दिली? कशासाठी? 'काहीच कारण नव्हते' असे लिहिणाऱ्याला ते खरेच वाटत होते का? इतक्या वर्षांनंतर सांगितलेली आठवण कितपत खरी मानायची? त्या काळचा कायदा काय होता? पेनसिल्व्हेनियाच्या १७८० च्या कायद्यानुसार बाहेरून आणलेला गुलाम सहा महिने तिथे राहिला, की त्याला स्वातंत्र्य मागता येत असे. म्हणून वॉशिंग्टन आपल्या गुलामांना मुदत भरण्याआधी राज्याबाहेर पाठवत आणि पुन्हा आणत. हे कळल्यावर ती जाहिरात वेगळीच वाटू लागते.

चाळीस मिनिटांच्या तासात तेरा वर्षांच्या मुलांपुढे हे सारे मांडायचे, त्यात वॉशिंग्टनची थोरवी नाकारायची नाही आणि ओनीलाही विसरायचे नाही. ही कसरत शिक्षकाला कुणीतरी शिकवायला हवी ना?

'कोच' सरांचा तास

अमेरिकेत एक जुना विनोद आहे. इतिहासाच्या शिक्षकाचे पहिले नाव काय? तर 'कोच'! शाळेला फुटबॉलचा प्रशिक्षक हवा असतो. त्याला वर्गाचेही काही तास द्यावे लागतात, मग दिला इतिहास. इतिहास काय, कुणीही शिकवेल! आपल्याकडेही हा समज काही अनोळखी नाही.

शिवाय तिथे साऱ्या देशाचे एकच पाठ्यपुस्तक नाही. प्रत्येक राज्याचा अभ्यासक्रम निराळा आणि शाळा चालवणारी स्थानिक मंडळे सुमारे तेरा हजार. शिक्षकाची तयारी कशी आहे, ते ज्या त्या मंडळावर अवलंबून. त्याचा परिणाम दिसायचा तो दिसला. २००१ च्या राष्ट्रीय चाचणीत बारावीचे ५७ टक्के विद्यार्थी अमेरिकेच्या इतिहासात किमान पातळीही गाठू शकले नाहीत.

एक अब्ज डॉलरचा प्रयोग

त्याच वर्षी वेस्ट व्हर्जिनियाचे सिनेटर रॉबर्ट बर्ड यांनी पुढाकार घेतला. राज्यघटनेची छोटी प्रत सतत खिशात बाळगणारे हे ज्येष्ठ सिनेटर. त्यांच्या प्रयत्नातून इतिहास शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी केंद्र सरकारची खास अनुदान योजना सुरू झाली. अट एकच होती, पण महत्त्वाची. अर्ज शाळा मंडळाने करायचा आणि सोबत विद्यापीठ, ग्रंथालय, वस्तुसंग्रहालय किंवा इतिहासविषयक संस्थेला भागीदार म्हणून घ्यायचे. सुमारे दहा वर्षांत या योजनेवर जवळजवळ एक अब्ज डॉलर खर्च झाले.

यातून एक मोठी गोष्ट घडली. एरवी एकमेकांकडे न फिरकणारे प्राध्यापक आणि शाळामास्तर एका टेबलाभोवती बसले. प्राध्यापकांचे नवे संशोधन मास्तरांना कळले आणि पंचेचाळीस मिनिटे मुलांना जागे ठेवणे म्हणजे काय, हे प्राध्यापकांना!

पण उणिवाही राहिल्या. अनेक ठिकाणी नामवंतांचे व्याख्यान झाले, टाळ्या पडल्या आणि सोमवारी वर्गात पुन्हा तेच जुने टिपण निघाले. विद्यार्थ्यांना नेमका किती फायदा झाला, हे सरकारी मूल्यमापनात ठोसपणे दाखवता आले नाही. काटकसरीची वेळ येताच ही योजना कात्रीत सापडली आणि २०११ नंतर नवी अनुदाने बंद झाली.

व्याख्यान ऐकून पोहता येत नाही

मग उपयोगी पडते ते कोणते प्रशिक्षण? स्टॅनफर्ड विद्यापीठातील सॅम वाइनबर्ग यांनी या प्रश्नाचा अनेक वर्षे अभ्यास केला. इतिहासकार कागद कसा वाचतो आणि हुशार विद्यार्थी तोच कागद कसा वाचतो, याची त्यांनी तुलना केली. विद्यार्थी पहिल्या ओळीपासून माहिती गोळा करू लागतो. इतिहासकार आधी तळाशी पाहतो, की हे कुणी, कधी, कुणासाठी लिहिले? मग तो दुसऱ्या कागदाशी ताडून पाहतो आणि त्या काळाच्या चौकटीत ठेवून त्याचा अर्थ लावतो.

हीच सवय मुलांना लागावी म्हणून त्यांच्या गटाने तयार धडे केले आणि ते शिक्षकांना विनामूल्य दिले. सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळांत ते वापरून पाहिले, तेव्हा मुलांचे वाचन सुधारलेच, शिवाय माहितीही अधिक लक्षात राहिली. घोकंपट्टीने जे साधले नव्हते, ते शंका विचारल्याने साधले!

चांगल्या शिबिरात म्हणूनच शिक्षक नुसते ऐकत नाहीत. ते कागद वाचतात, वाद घालतात, स्वतः धडा तयार करतात आणि सहकाऱ्यांपुढे शिकवून दाखवतात. १९९४ मध्ये स्थापन झालेली गिल्डर लेहरमन संस्था, वॉशिंग्टन यांचे माउंट व्हर्नन येथील घर, लायब्ररी ऑफ काँग्रेस अशा अनेक ठिकाणी ही सोय आहे. केंद्र सरकारच्या मानव्यविद्या निधीतूनही ऐतिहासिक स्थळांवर आठवडाभराच्या कार्यशाळा होत आल्या आहेत. गुलामांच्या खोल्यांत उभे राहून आलेला शिक्षक तो पाठ पूर्वीसारखा शिकवू शकत नाही. पण एप्रिल २०२५ मध्ये याच निधीची हजाराहून अधिक अनुदाने अचानक रद्द झाली आणि असे उपक्रम अडचणीत आले.

खरी कसोटी वर्गात

पैशांपेक्षा मोठी अडचण आहे ती धास्तीची. इतिहासावरून भांडणे अमेरिकेला नवी नाहीत. १९९४ मध्ये अभ्यासकांनी राष्ट्रीय पातळीवर इतिहास शिक्षणाची मानके तयार केली, तेव्हा त्यांत देशाची काळी बाजूच जास्त आहे, असा ओरडा झाला. १९९५ मध्ये सिनेटने ९९ विरुद्ध १ मतांनी त्यांचा निषेध केला. २०२१ पासून अनेक राज्यांनी वंशभेदासारखे विषय वर्गात कसे मांडावेत, यावर बंधने घालणारे कायदे केले. पालकाची एक तक्रार आली तर नोकरीचे काय, ही भीती शिक्षकाच्या मनात घर करून बसली.

प्रत्यक्षात शिक्षक वर्गात करतात तरी काय? अमेरिकन हिस्टॉरिकल असोसिएशनने नऊ राज्यांतील तीन हजारांहून अधिक शिक्षकांची पाहणी करून २०२४ मध्ये अहवाल दिला. शिक्षक मुलांच्या डोक्यात आपली राजकीय मते भरतात, या आरोपाला त्यात आधार सापडला नाही. बहुतेकांना मुलांनी स्वतः विचार करावा असेच वाटते आणि ते सरकारी संग्रहालयांची, ग्रंथालयांची विनामूल्य साधने वापरतात, असे दिसले.

अशा वेळी प्रशिक्षण हीच शिक्षकाची ढाल ठरते. 'तुम्ही हे का शिकवले?' असे कुणी विचारले, तर त्याला आपले मत सांगावे लागत नाही. तो कागद पुढे ठेवू शकतो.

हा विषय आपल्यापासून दूर नाही

अमेरिकेतील गुलामगिरीच्या इतिहासाशी मराठी माणसाचे नाते जुने आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा तो गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला होता. अस्सल कागदाशिवाय बोलू नये, हा इतिहासाचार्य राजवाडे यांचा आग्रहही आपल्याला नवा नाही. आज अनेक मराठी कुटुंबांची मुले अमेरिकन शाळांत हाच इतिहास शिकत आहेत.

इकडे असो की तिकडे, आपण पालक मुलाला किती गुण पडले एवढेच विचारतो. त्याच्या शिक्षकाला शिकायची संधी मिळते का, हे मात्र विचारत नाही. खरे तर दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावरच पहिल्याचे उत्तर पुष्कळसे अवलंबून असते.

ओनी जज १८४८ मध्ये वारली. कायद्याच्या दृष्टीने ती अखेरपर्यंत गुलामच होती. तिची जाहिरात वाचून एखादे मूल हात वर करते आणि विचारते, "काहीच कारण नव्हते, तर मग ती गेली का?" त्या क्षणी मुलाला गप्प न बसवता त्याच्या हातात दुसरा कागद देणारा शिक्षक वर्गात असावा. सुटीतली ती सारी मेहनत त्यासाठीच असते.