मोकळ्या जागेचा ताळेबंद

जुन्या इमारतीच्या पुनर्विकासाचा प्रस्ताव आला की सोसायटीच्या सभेत साधारणतः चार प्रश्न विचारले जातात. क्षेत्रफळ किती वाढवून मिळणार, भाडे किती, कॉर्पस फंड किती आणि ताबा केव्हा? व्यापारी कुटुंबांना हिशेबाची सवय असल्याने या प्रश्नांची उत्तरे आपण काटेकोरपणे तपासून घेतो. परंतु आपली नवी भिंत आणि शेजारच्या इमारतीची भिंत यांत किती अंतर राहणार, हा पाचवा प्रश्न क्वचितच ऐकू येतो. बँकेच्या सेवेत गृहकर्जाची प्रकरणे हाताळताना मी असंख्य मूल्यांकन अहवाल वाचले. त्यांत क्षेत्रफळ, दर, बांधकामाचे वय असे सर्व काही असे. घरात ऊन किती वेळ येते यासाठी मात्र रकाना नसे. जे खतावणीत चढत नाही, त्याचे मोल शून्य धरले जाते. या नोंद नसलेल्या वस्तूची किंमत मुंबईने मात्र फार मोठी मोजली आहे.

पहिला प्रसंग व्यापाऱ्यांच्याच पेठेतला. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकॅशियो व्हिएगस यांनी मांडवी भागात गाठीच्या प्लेगचे निदान केले. गोदीलगतची ही वस्ती धान्याच्या वखारींनी आणि त्यांच्या अवतीभोवतीच्या दाट घरांनी भरलेली होती. धान्यामागे उंदीर आणि उंदरांमागे रोग, अशी ती साखळी होती. काही महिन्यांत लाखो माणसे शहर सोडून गेली आणि बाजार थंडावला. या आघातानंतर १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली.

दमट, कोंदट हवेतून रोग उपजतो, ही त्या काळची प्रबळ समजूत होती. म्हणून ट्रस्टने दाट वस्तीतून रुंद रस्ते काढले. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड यांची आखणी पश्चिमेकडील समुद्रावरचा वारा शहराच्या पोटात शिरावा, या हेतूने झाली. योगायोग असा की त्याच १८९८ साली पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्यकतज्ज्ञाने कराचीत प्रयोग करून प्लेग उंदरावरील पिसवांमार्फत पसरतो, हे दाखवून दिले. म्हणजे प्लेगपुरते ट्रस्टचे गृहीतक अपुरे होते. पण प्रकाश आणि वारा यांचा आग्रह व्यर्थ गेला नाही; तो दुसऱ्या, अधिक मुकाट्याने मारणाऱ्या रोगावर लागू पडला. तो रोग म्हणजे क्षय.

क्षयाचे जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये शोधले. रुग्णाच्या खोकल्यातून ते हवेत येतात आणि बंद खोलीत बराच काळ तरंगत राहतात. खिडकीतून वारा खेळता असेल तर ते विरळ होतात आणि सूर्यप्रकाशातील अतिनील किरण त्यांचा नाश करतात. अर्थात औषधोपचाराला पर्याय नाही; परंतु रोग एका माणसावर थांबणार की घरभर पसरणार, हे ठरविण्यात खोलीच्या रचनेचा मोठा वाटा असतो.

ट्रस्टने आपल्या नव्या वसाहतींसाठी साडेत्रेसष्ट अंशांचा प्रकाशनियम स्वीकारला होता. त्याचा व्यावहारिक अर्थ सोपा आहे: समोरची इमारत जितकी उंच, त्याच्या किमान निम्मे अंतर मधे मोकळे हवे. दादर-माटुंग्याच्या वसाहतींतील बेताच्या उंचीच्या इमारती, झाडांचे रस्ते आणि बागा याच विचारातून आल्या. या कार्याला काळी बाजूही होती. जुनी घरे पाडली गेली त्या प्रमाणात गरिबांना नवी मिळाली नाहीत आणि ते आणखी दाटीच्या वस्त्यांत लोटले गेले.

दुसरा प्रसंग आपल्याच काळातला आणि अधिक अस्वस्थ करणारा. झोपड्यांतून हलविलेल्या कुटुंबांसाठी गोवंडी परिसरात लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या पक्क्या इमारतींच्या वसाहती उभ्या राहिल्या. इमारतींमधील अंतर मात्र जेमतेम तीन मीटर. 'डॉक्टर्स फॉर यू' ही संस्था आणि आयआयटी मुंबई यांनी २०१८ च्या सुमारास येथील पाहणी केली, तेव्हा शंभरांतील सुमारे आठ ते दहा कुटुंबांत क्षयरुग्ण आढळले. अधिक मोकळ्या रचनेच्या पीएमजी वसाहतीत हेच प्रमाण एकाच्या आसपास होते. खालच्या मजल्यांवर अवस्था अधिक बिकट होती. तेथे दिवसाही दिवे लावावे लागत आणि अरुंद बोळातील कचऱ्याच्या दुर्गंधीमुळे खिडक्या बंद ठेवाव्या लागत. क्षयामागे कुपोषण आणि दाटीही असते, हे खरे. तरीही हिशेब मांडून पाहावा: आठ मजली इमारत साधारण चोवीस मीटर उंच, जुन्या नियमाने बारा मीटर अंतर हवे. प्रत्यक्षात मिळाले त्याच्या एक चतुर्थांश.

हा प्रश्न केवळ गरिबांचा, असे समजून आपण स्वस्थ राहू नये. मुंबईत मोकळ्या जागेतील कमतरतेबद्दल महापालिकेला अधिमूल्य भरून सवलत घेता येते. रक्कम विकासक भरतो, वाढीव बांधकामाचा लाभही त्यालाच होतो; अंधार मात्र रहिवाशाच्या खात्यावर पडतो. त्यातही मूळ सभासदांची घरे बहुधा खालच्या मजल्यांवर आणि विक्रीची वरच्या मजल्यांवर असतात. म्हणजे ज्यांनी जमीन दिली, त्यांच्याच वृद्ध माता-पित्यांच्या आणि नातवंडांच्या वाट्याला सर्वांत कमी ऊन येते.

म्हणून संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी नकाशा समोर ठेवून काही गोष्टी लेखी मागाव्यात. चारही बाजूंना भिंतीपासून भिंतीपर्यंत किती मीटर सुटणार? कोणकोणत्या सवलती घेतल्या जाणार? प्रत्येक घराला दोन दिशांना खिडक्या आहेत काय, की स्वयंपाकघर केवळ डक्टमध्ये उघडते? पहिल्या राहत्या मजल्यावर २२ डिसेंबरच्या सुमारास ऊन येईल काय, हेही वास्तुविशारदाकडून काढून घ्यावे. त्या दिवसांत सूर्य दक्षिणेकडे सर्वांत खाली असतो आणि मुंबईत भर दुपारीही इमारतीची सावली जवळजवळ तिच्या उंचीइतकी लांब पडते.

जी गोष्ट घराची, तीच बाजाराची. पदपथ मोकळा असेल तर वडीलधारी माणसे पायी बाहेर पडतात आणि मधुमेह, रक्तदाब यांना आवर घालणारे चालणे आपसूक घडते. दुकानाच्या ओट्यापुढे मांडलेला माल त्या पदपथाची रुंदी खातो. हा हिशेब आपल्याच हातात आहे.

बँकेच्या भाषेत सांगायचे तर मोकळी जागा म्हणजे पडून राहिलेले भांडवल नव्हे. ती आरोग्याची राखीव गंगाजळी आहे. आठ-दहा चौरस फूट अधिक मिळावेत म्हणून ती मोडली, तर एकदा चढलेली इमारत मागे सरकविता येत नाही आणि पुढच्या दोन पिढ्या त्या अंधारात राहतात.