दाढ वाचवायची, पण कितीला?

दाढेचा ठणका बहुधा रात्रीच सुरू होतो. दिवसभर नुसती कुरकुर करणारी दाढ माणूस आडवा झाला, की घणाचे ठोके द्यायला लागते. मग लवंग शोधली जाते, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या होतात, औषधांच्या डब्यातली एखादी गोळी घेतली जाते आणि दवाखाना उघडायची वाट पाहिली जाते. सकाळी डॉक्टर एक्स-रे पाहून सांगतात, कीड नसेपर्यंत गेली आहे. रूट कॅनल करावे लागेल, नाहीतर दाढ काढावी लागेल. रात्रभर जागलेला माणूस लगेच मान डोलावतो. पैशांचा पूर्ण आकडा त्याला कळतो, तोपर्यंत भूल देऊन झालेली असते.

चेन्नईच्या अण्णा नगरमध्ये ही वेळ आली, तर दवाखाना शोधत हिंडावे लागत नाही. 1968 च्या व्यापार मेळ्यासाठी उभारलेला टॉवर आणि त्याच्या आसपास वाढलेली ही आखीव वसाहत खासगी दवाखान्यांनी गजबजलेली आहे. बदलीच्या नोकरीमुळे महाराष्ट्रातून इथे आलेल्या कुटुंबाला ‘पल् मरुत्तुवमनै’ ही तमिळ पाटी वाचता आली नाही, तरी तिच्यावरचे दाताचे चित्र कळतेच. (पल् म्हणजे दात आणि ‘पल् वलि’ म्हणजे दातदुखी. अडीअडचणीला एवढे दोन शब्द पुरतात.) खरा प्रश्न पुढचा असतो. इथेच पैसे मोजायचे, की सरकारी रुग्णालयाची वाट धरायची?

आकडा कशाकशाचा?

रूट कॅनलमध्ये दाताच्या आतली सडलेली किंवा सुजलेली नस काढून टाकतात, मुळांतल्या बारीक नळ्या सुईसारख्या फाइलींनी घासून, औषधाने धुऊन स्वच्छ करतात आणि गटापर्चा नावाच्या पदार्थाने त्या बंद करतात. हा गटापर्चा मूळचा मलाया भागातल्या एका झाडाचा चीक. पुढच्या दाताला बहुधा एकच नळी असते, तर दाढेला तीन, कधी चार. म्हणून दाढेचे काम वेळखाऊ आणि महाग.

महानगरातल्या खासगी दवाखान्यात एका दाढेच्या रूट कॅनलला आज साधारण चार ते दहा हजार रुपये लागतात. पण हा अर्धाच हिशेब झाला. नस काढलेली आणि कोरलेली दाढ कमकुवत होते. तिच्यावर कॅप बसवली नाही, तर एखाद्या दिवशी सुपारीच्या खांडावर किंवा चकलीवर ती उभी चिरते. कॅपचे पैसे बहुतेक ठिकाणी वेगळे असतात. नुसत्या धातूची कॅप स्वस्त, धातूवर दातासारखा रंग चढवलेली मधल्या किमतीची आणि झिर्कोनियाची महाग. झिर्कोनियाची कॅप रूट कॅनलइतकी किंवा त्याहूनही महाग पडू शकते. हसताना न दिसणाऱ्या मागच्या दाढेला धातूची कॅप उत्तम चालते, हे मात्र विचारल्याशिवाय फारसे कोणी सांगत नाही.

तेव्हा खुर्चीत बसण्यापूर्वी विचारावे: सांगितलेल्या रकमेत एक्स-रे, सगळ्या खेपा, वरचे सिमेंट आणि कॅप धरली आहे का? काम कोण करणार, नेहमीचे डॉक्टर की या विषयात एमडीएस केलेले तज्ज्ञ? आकडा कागदावर लिहून मागण्यात संकोच कसला? लग्नाच्या हॉलचे कोटेशन आपण चार ठिकाणांहून घेतो.

फोर्ट स्टेशनासमोर

अण्णा नगर टॉवर स्थानकावरून मेट्रोने सेंट्रलला यावे, समोरच्या पार्क स्टेशनवरून लोकलने एक स्टेशन पुढे जावे, की फोर्ट येते. त्याच्या समोरच तामिळनाडू सरकारचे दंत महाविद्यालय आणि रुग्णालय आहे. 1953 पासून चालत आलेली ही संस्था. आपल्याकडे मुंबईत महापालिकेचे नायर दंत रुग्णालय किंवा सेंट जॉर्जजवळचे सरकारी दंत महाविद्यालय, तसेच हे. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरातही अशी सरकारी महाविद्यालये आहेत.

अशा ठिकाणी उपचार मोफत किंवा नाममात्र पैशांत होतात. ‘तिथे विद्यार्थी हात साफ करून घेतात’ असे सर्रास म्हटले जाते. हे अर्धवट खरे आहे. काम विद्यार्थी करतात, पण शिक्षकांच्या देखरेखीखाली करतात, आणि दाढेचे अवघड काम सहसा पदव्युत्तर विभागाकडे जाते. शिकणारा घाईत नसतो, हाही एक फायदाच. इथे रुपयांऐवजी दिवस मोजावे लागतात. आज केसपेपर, मग एक्स-रे, मग तारीख, मग दोन-तीन खेपा. रोजंदारीवरच्या माणसाची प्रत्येक खेप म्हणजे एक बुडालेला दिवस. निवृत्त आजोबांना मात्र हा सौदा फायद्याचा. कॅपसाठी साहित्याचे पैसे पडतात का आणि ती किती दिवसांनी मिळते, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे.

खासगी दंत महाविद्यालये हा मधला रस्ता. अण्णा नगरहून फार दूर नसलेल्या मदुरवायल आणि वेलप्पनचावडी या भागांत अशी महाविद्यालये आहेत. तिथले दर सहसा खासगी दवाखान्यापेक्षा कमी असतात.

विमा आहे ना!

घरात आरोग्य विमा आहे म्हणून निर्धास्त राहू नये. नेहमीची पॉलिसी दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी असते. दातांचा खर्च ती बहुधा अपघातात इजा झाली तरच देते. रूट कॅनल तर खुर्चीत बसून तासाभरात होते. बाह्यरुग्ण खर्चाचे जादा कलम घेतले असेल, तरच काही मिळण्याची आशा. रुग्णालयात दाखल होण्यावर बेतलेल्या सरकारी विमा योजनांतही हे काम सहसा बसत नाही.

नोकरीतून मिळणारा हक्क मात्र बरेच जण विसरतात. ईएसआयचे सदस्य असलेल्या कामगाराला आणि त्याच्या कुटुंबाला अण्णा नगरजवळचे अयनावरमचे ईएसआय रुग्णालय आहे. रेल्वेवाल्यांना पेरांबूरचे रेल्वे रुग्णालय आहे. केंद्र सरकारी कर्मचारी आणि पेन्शनर यांच्यासाठी सीजीएचएस, माजी सैनिकांसाठी ईसीएचएस. या दोन्ही योजनांत खासगी दवाखान्यात जायचे असेल, तर तो यादीतला आहे का आणि आधी परवानगी लागते का, ते पाहूनच जावे. मागाहून बिल मंजूर करून घेणे दाढदुखीपेक्षा त्रासाचे.

ठणका थांबला की...

सर्वांत जास्त पैसे वाया जातात ते इथे. पहिल्या खेपेत नस काढली, की दुखणे जाते. मग परीक्षा येतात, पाहुणे येतात, महिनाअखेर येते आणि पुढची तारीख राहून जाते. वर भरलेले तात्पुरते सिमेंट झिजते, आत पुन्हा जंतू शिरतात. किंवा नळ्या भरून होतात, पण ‘कॅप पुढच्या महिन्यात’ म्हणता म्हणता वर्ष जाते आणि दाढ चिरते. मग तीच दाढ काढावी लागते, दिलेले पैसे बुडतात आणि रिकाम्या जागी कृत्रिम दात बसवायचा, तर रूट कॅनलहून कितीतरी मोठा खर्च उभा राहतो. म्हणून काम सुरू करतानाच कॅपचे पैसे बाजूला काढावेत. तेवढी सोय नसेल, तर सरकारी रुग्णालयात जाणे शहाणपणाचे.

ठणका आपोआप थांबला, तरी हुरळून जाऊ नये. बहुधा नस मेलेली असते. मुळाशी पू साठणे चालूच राहते. अँटिबायोटिकच्या गोळ्यांनी सूज उतरते, पण आतली घाण तशीच असते. गाल सुजून ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळता येईना, तर मात्र खर्चाचा विचार न करता तडक मोठे रुग्णालय गाठावे.

अक्कलदाढ असेल, तर ती वाचवण्याचा खटाटोप बहुतेक वेळा करावा लागत नाही. ती काढून टाकणेच सोयीचे असते. डॉक्टर मध्येच बदलायचे झाले, म्हणजे रूट कॅनल सरकारी रुग्णालयात आणि कॅप घराजवळच्या दवाखान्यात, तरी हरकत नाही. मात्र जाताना केसपेपर आणि नळ्या भरल्यानंतरचा एक्स-रे बरोबर न्यावा. तो नसला, तर नवे डॉक्टर पुन्हा एक्स-रे काढायला लावतील, आणि त्याचेही पैसे पडतील.