तेरा आठवड्यांचा करार, सही करण्याआधी

आमच्या घरी दोघंही बॅग भरून कामाला जाणारे. मी आयटी सल्लागार, बायको ट्रॅव्हल नर्स. म्हणून आज अमेरिकेतल्या या तात्पुरत्या नोकऱ्यांविषयी थोडं बोलू.

करार बहुधा 13 आठवड्यांचा असतो. एजन्सी आठवड्याची एकच मोठी रक्कम सांगते. तिच्यात दोन भाग असतात: करपात्र पगार आणि राहण्याजेवणाचा भत्ता. भत्ता करमुक्त हवा असेल, तर तुमचं कायमचं घर दुसरीकडे हवं आणि त्याचा खर्चही चालू हवा. एकाच ठिकाणी वर्षाहून जास्त काम होणार असेल, तर आयआरएस ते तात्पुरतं मानत नाही. भत्त्यावर कर लागतो.

दुसरी गोष्ट, तासांची हमी. बायकोच्या पहिल्या करारात ती नव्हती. रुग्ण कमी झाले की तिची शिफ्ट रद्द व्हायची. घरभाडं मात्र चालूच! आता हमीचे तास, करार मध्येच मोडला तर काय, आणि आरोग्य विमा कोणत्या दिवसापासून, हे तिन्ही आम्ही आधी लेखी मागतो.

तिसरी, परवाना. नर्स लायसेन्शर कॉम्पॅक्टचा बहुराज्य परवाना टेक्ससमध्ये चालतो, कॅलिफोर्नियात नाही. तिथला वेगळा काढावा लागतो, तेव्हा अर्ज लवकर करा.

आणि हो, तासाचा करपात्र दर विचारायला विसरू नका. उद्याचं सोशल सिक्युरिटीचं पेन्शन भत्त्यावर नाही, त्या पगारावर ठरतं.